तारेविना पेटलेली नळी

तीर्थस्वरूप काकूला, तुझ्या भटक्या पुतण्याचा (दोन्ही पाय क्षणभर एका जागी टेकवून) नमस्कार.

तुझी कंबर कशी आहे? मी मजेत आहे. काका माझ्याहून मजेत आहेत, आणि पत्राचं कारणही तेच.

संधिवाताने बोटांत वस्तरा धरवेना म्हणून काकांनी सलूनला कुलूप घातलं आणि तोंडालाही, ते तू पाहिलंसच. म्हणून तर तू त्यांना माझ्या गळ्यात घातलंस. इथल्या दवाखान्यात दोन यंत्रं आहेत. दोन जाड गाद्यांच्या मध्ये हात ठेवायचा, यंत्र गुणगुणतं, आणि ऊब कातडी ओलांडून थेट हाडात उतरते. काकू, निखारा नाही, गरम पाणी नाही, काही नाही! (हे कुणी शिकवलं असतं तर मी शाळेत टिकलो असतो. बहुतेक.) या उबेने खरंच गुण येतो का, याची चाचणी चालू आहे. कुणाला कुठलं यंत्र ते चिठ्ठ्या टाकून ठरलं. काकांना खिडकीजवळचं आलं.

पहिल्याच बैठकीत काका ओरडले, "अरे, ऊब मनगटापर्यंत पोचली बघ!" पुढे शर्टाची बटणं स्वतः लावू लागले, आणि मला शिव्याही पूर्वीसारख्या द्यायला लागले.

काल दुपारी रोगी गेल्यावर मी (बाहेर पाणी प्यायला निघालो होतो, पण तू मला ओळखतेस) परत आत डोकावलो. यंत्रांची देखभाल करणारा मेकॅनिक दाराजवळचं, दुसरं यंत्र चालू करून तपासत होता. त्याच्या हातात नुसती ट्यूबलाइटची नळी होती, ना वायर, ना प्लग, आणि ती लख्ख पेटलेली! माझ्या अंगावर काटाच आला. मी नळी मागून घेतली आणि हौसेने खिडकीजवळचं यंत्र चालू केलं. गुणगुण तीच, हिरवा दिवा तोच. नळी मात्र ठार काळी.

मेकॅनिकने नळी हिसकावली. "ते मुद्दाम पोकळ ठेवलंय, शहाण्या! त्यातून लहरीच निघत नाहीत, तर नळी पेटणार कशी? निम्म्यांना नुसतं बसवायचं, तरच फरक कळतो. डॉक्टरीणबाईंनाही माहीत नाही. कुठे बोललास तर सगळी चाचणी पाण्यात."

म्हणजे काका नुसत्या आवाजावर बरे झाले! नळी तारेविना पेटली हे जास्त नवलाचं, की काकांची मूठ उबेविना सुटली हे? रात्रभर मला ठरवता आलं नाही.

मोठ्यांच्या पाया पडतो, लहानांचे गाल ओढ.

तुझा, कायमचा पत्ता नसलेला,
पुतण्या

ता. क. : सोमवारपासून यंत्रांची अदलाबदल आहे, काकांना दाराजवळचं मिळेल. काका हटून बसलेत. "दाराजवळचे सगळे कण्हतात. मला माझंच मानवलंय!" ते फक्त तुला भितात. दोन खरमरीत ओळी लिही. कारण मात्र लिहू नकोस.

ता. क. दुसरा : पाकीट चिकटवणार तोच काकांनी मला स्टुलावर बसवून माझी दाढी केली. वस्तरा गळ्यापाशी आला तेव्हा मी डोळे गच्च मिटले. कुठे साधं खरचटलंही नाही. मग वस्तरा पुसून ते आपल्याच हाताकडे बघत उभे राहिले. काकू, त्या खरमरीत ओळी राहू देत. तूच निघून ये, तो हात बघ आणि अदलाबदलीचं काय ते ठरव.