खणाच्या खाली

४ फेब्रुवारी

सकाळच्या बसने पोहोचले. सामान फारसं नव्हतं, तरी ड्रायव्हरने स्वतःहून उतरवून दिलं. खोली वरच्या मजल्यावर आहे. दोन खिडक्या, पलंग, लिहायला टेबल, शेजारी छोटंसं स्वयंपाकघर. घरमालकीणकाकूंनी चावी देताना विचारलं, एकट्याच का? मी हो म्हटलं. त्यांनी पुढे काही विचारलं नाही, ते बरं वाटलं.

दुपारी भांडार पाहून आले. वस्तीच्या जरा बाहेर, जाड भिंतींची लांबट इमारत, आत चांगलाच गारवा. इथे बियाणं जपून ठेवतात. जमिनीपासून छतापर्यंत कपाटं, कपाटांत खण, खणात ट्रे. दोन रांगांच्या मध्ये रुळावर एक लोखंडी हात फिरतो. तो ट्रे ओढून काढतो आणि बाहेरच्या टेबलावर आणून ठेवतो. माणसांनी आत जायचं नाही, श्वासाची ऊब बियांना सोसत नाही म्हणे. या हाताला हुकूम देण्याचा प्रोग्राम मी लिहायचा आहे.

सगळे नीट वागले. हे गेल्यापासून आज पहिल्यांदा सडकून भूक लागली. काकूंनी दिलेलं सगळं जेवले.

६ फेब्रुवारी

कामाला लागले. आजवर इथे प्रत्येक ट्रेचा लांबलचक आकडा टाकावा लागे. एक अंक चुकला की गव्हाच्या जागी मोहरी समोर यायची. भांडाराच्या प्रमुखांना, म्हणजे बाईंना (सगळे नुसतं बाईच म्हणतात), साध्या शब्दांत हुकूम देता यायला हवा आहे. आधी ‘आण’ की ‘ठेव’, मग दालन, मग कपाट, मग खण. म्हणजे कमांडच्या पोटात कमांड आणि तिच्या पोटात आणखी एक. मी असं ठरवलं आहे की प्रत्येक पायरीने ओळीतला आपल्यापुरता एक शब्द उचलायचा आणि उरलेली ओळ खालच्या पायरीकडे सोपवायची. सगळ्या पायऱ्यांना नियम एकच. कुठेही ‘मदत’ लिहिलं की त्या पायरीखाली काय काय आहे ते पडद्यावर यावं. बाईंची आणखी एक मागणी आहे: कोणी नुसतं कपाट सांगून थांबला, तर ते कपाट अख्खं बाहेर यावं.

मी बाईंना हे समजावत होते तेव्हा हाताची देखभाल करणारे मिस्त्री माझ्यामागे उभे राहून ऐकत होते. म्हणाले, हे तर आमच्या घरासारखंच झालं मॅडम. सासूबाई बायकोला सांगतात, बायको मला, मी पोरीला आणि पोरगी मांजराला. आता मांजर कोणाला सांगत असेल, देव जाणे! मला हसू आलं. माझं हसणं ऐकून मीच दचकले.

मिस्त्री दिवसभर बोलतात, आणि बोलायला कोणी नसेल तर गातात. बाईंना पाठीमागे ‘थर्मामीटर’ म्हणतात, कारण त्या येता-जाता तापमान बघतात. बाईंना हे माहीत आहे.

इथला एक नियम लिहून ठेवते. एक ट्रे काढला की त्याच्या जागी तेवढ्याच वजनाचा वाळूचा ट्रे घालावा लागतो. त्याला बदली म्हणतात. हात जुना आहे, कपाटांचं वजन बदललं की एका अंगाला झुकतो. जागा रिकामी राहिली तर पडद्यावर येतं, ‘जागा रिकामी आहे. बदली द्या.’ आणि घंटा वाजत राहते.

११ फेब्रुवारी

प्रोग्राम चालला. बाईंनी स्वतः ओळ टाइप केली, हात गेला आणि बरोबर ट्रे घेऊन आला. मिस्त्रींनी टाळ्या वाजवल्या. बाई म्हणाल्या, टाळ्या नंतर वाजवा, आधी दार लावा, गारवा चालला.

सगळे जेवायला गेले तेव्हा मी चुकीच्या ओळी देऊन बघत होते. नको ते शब्द टाकून प्रोग्राम कुठे अडतो ते पाहायचं असतं. दालन, कपाट, खण लिहून झालं आणि पुढे, काही विचार न करता, यांचं घरातलं नाव लिहिलं आणि ‘चष्मा’. इतकी वर्षं हे दोन शब्द रोज सकाळी माझ्या तोंडी एकत्रच असायचे. शोधून मीच द्यायची.

खणाच्या खाली पायरी नाही. प्रोग्रामने ‘हा शब्द कळला नाही’ असं म्हणायला हवं होतं. हात निघाला. सर्वांत खालच्या खणापाशी पोहोचून खाली जात राहिला. तिथे फक्त तेल-ग्रीस करायला मिस्त्री उतरतात तो सिमेंटचा खड्डा आहे, कमरेइतका. हात त्याहून कितीतरी जास्त वेळ खाली जात होता.

ट्रे आला. ओला होता. त्यात यांचा चष्मा होता. डावी काडी मी निळ्या दोऱ्याने बांधली होती, ती गाठ माझीच आहे. तो चष्मा यांच्याबरोबर गेला होता. शेवटी मीच तो यांच्या डोळ्यांवर घातला होता.

घंटा वाजू लागली. मी तेवढ्याच वजनाची वाळू घातली. घंटा थांबेना. बाई येतील या भीतीने, हाताला लागला तो माझाच चष्मा काढून ट्रेमध्ये ठेवला. हात तो घेऊन खाली गेला. घंटा थांबली.

१२ फेब्रुवारी

चष्मा वाटेत कुठेतरी पडला असं सांगितलं. अक्षरं मोठी करून काम करते आहे.

कोड वाचला. चूक सापडली आणि ती माझीच आहे. प्रत्येक पायरी उरलेली ओळ खाली सोपवते, पण शेवटची पायरी कुठली हे मी लिहिलंच नाही. थांबायची अट राहून गेली. अशी चूक झाली की प्रोग्राम कोसळतो. कोसळतो याचं कारण खाली कोणी नसतं.

अट एका ओळीची आहे. आज लिहायची होती. लिहिली नाही.

मिस्त्रींना सहज विचारलं, खड्ड्याखाली काय आहे? म्हणाले, सिमेंट, त्याखाली दगड, त्याखाली आमच्या जुन्या साहेबांनी पुरून ठेवलेली आमची बढती.

१४ फेब्रुवारी

यांचं नाव लिहून पुढे ‘मदत’ लिहिलं.

यादी आली. चष्मा. स्वेटर. खोकला. पावलं. खाली आणखी होतं. मी पडदा पुढे सरकवला नाही.

१५ फेब्रुवारी

खोकला मागितला.

का, ते लिहून ठेवते. स्वेटर घरी आहे, फोटो आहेत, अक्षर आहे. हे बोलायला सुरुवात करण्याआधी दोनदा बारीक खाकरायचे, ते कुठेच नाही. कितीतरी दिवस आठवायला बघते आहे, नीट येत नाही.

ट्रे रिकामाच आला. घंटा वाजू लागली. खोकल्याला बदली काय देणार? वेड्यासारखी ट्रेवर वाकून खोकले. घंटा चालूच. मग मिस्त्री धावत आले आणि बटण दाबून त्यांनी घंटा बंद केली. पडद्यावरचा मजकूर मात्र तसाच होता.

संध्याकाळी खोलीचं कुलूप काढत होते. आतून दोनदा खाकरण्याचा आवाज आला.

मी दारातच खाली बसले. घाबरले नाही, हे खरं आहे.

१६ फेब्रुवारी

काकूंनी जिन्यात गाठलं. पाहुणे आलेत का, म्हणाल्या. खोकला ऐकला. आल्याचा रस द्या हो त्यांना, लाजता काय?

स्वयंपाकघरात, खिडकीशी, पलंगाच्या त्या बाजूला, सारखं ऐकू येतं. पुढे शब्द येत नाहीत. पण आता येतील असंच वाटत राहतं.

संध्याकाळी उशिरा भांडारात गेले तर पडद्यावरचा मजकूर गेला होता. बदली कोणी दिली?

१७ फेब्रुवारी

मिस्त्रींचा आवाज गेला आहे.

काल दुपारपासून. ते खड्ड्यात ग्रीस लावत होते. गाणं मध्येच थांबलं, असं बाई म्हणाल्या. फोनवर लिहून दाखवतात. मला लिहून दाखवलं, बायको खूश आहे, लग्नानंतर पहिल्यांदा तिचं वाक्य पूर्ण झालं. बाई हसल्या. त्यांनाही फोनवर काहीतरी दाखवलं, त्या आणखी हसल्या.

मग ते एकटेच खिडकीशी जाऊन उभे राहिले. ओठ हलवून बघत होते.

१९ फेब्रुवारी

डॉक्टरांना घशात काही सापडलं नाही. सूज नाही, गाठ नाही. खाकरतादेखील येत नाही त्यांना. पोरगी बापाजवळ जायला घाबरते, कारण तो तोंड उघडतो आणि काहीच ऐकू येत नाही. हे त्यांनी लिहून दाखवलं तेव्हा विनोद नव्हता.

मला कळलं आहे. जागा रिकामी राहत नाही. मी बदली दिली नाही, तर जो जवळ असेल त्याची घेतली जाते.

परत ठेवता येतं. ‘ठेव’ आहेच प्रोग्राममध्ये. मीच लिहिलं आहे.

घरी येऊन ऐकत बसले. एवढी एक संध्याकाळ.

२० फेब्रुवारी

ठेवला.

मिस्त्री चहा पीत होते. एकदम ओरडले, हा काय चहा आहे की भांडी धुतलेलं पाणी! आणि मग स्वतःच रडायला लागले. बाईंनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. म्हणाल्या, बरं झालं, चार दिवस मला थर्मामीटर म्हणायला कोणी नव्हतं.

मी थांबायची अट लिहिली. तपासली. यांचं नाव लिहिलं तर आता ‘हा शब्द कळला नाही’ असं येतं. खरंच असं येतं पडद्यावर. मीच लिहिलेलं वाक्य आहे.

२३ फेब्रुवारी

खोली शांत आहे.

काकूंनी विचारलं, पाहुणे गेले वाटतं? मी हो म्हटलं.

२६ फेब्रुवारी

झोप नाही. जेवण नाही. ते पहिल्यांदा झालं तेव्हा लोक होते आजूबाजूला. नणंद होती, हाताला धरून बसायची. आता दुसऱ्यांदा झालं, आणि हे मी केलं.

अट काढायला एक ओळ पुसायची असते.

२८ फेब्रुवारी

बाईंना सांगितलं, रविवारी एकटीने शेवटची तपासणी करते. कोणी येऊ नका, मिस्त्रींनाही पाठवू नका. मिस्त्री म्हणाले, आमचा एवढा कंटाळा आला का मॅडम? मी म्हटलं, हो. त्यांना वाईट वाटलं असावं. वाटू दे.

नुसतं नाव लिहायचं. पुढे काही नाही. मग अख्खं येतं.

बदलीला जवळ फक्त मी असेन.

१ मार्च, रविवार

सकाळची वेळ. ऊन चांगलं आहे. फाटक आतून लावलं, कडी घातली. सगळी दालनं फिरून पाहिली. खड्डा रिकामा. वही बरोबर आणली आहे.

अट पुसली. ओळ लिहिली.

हात गेला खाली.

अजून जातोय.

घंटा सुरू झाली. ‘जागा रिकामी आहे.’ मी इथेच आहे. घ्या.

खाली खोकला ऐकू आला. दोनदा. वर येतोय—

मी खाकरून पाहिलं. आवाज नाही. पाय आपटून पाहिला, त्याचाही नाही. म्हणजे चाललं आहे माझं. दुखत नाही. हे कुठल्या खोलीत उभे राहतील, मी नसताना, याचा विचार मी केलाच नव्हता. यांना चष्मा कोण—

फोन. मिस्त्री. उचलला. मॅडम, रागावू नका, पाना राहिला माझा खड्ड्याच्या कडेला, मी फाटकापाशीच आहे, दोन मिनिटं. हॅलो? ऐकू येतंय का? मी ओरडले. काही आलं नाही. ते म्हणाले, रेंज नाही वाटतं. थांबा, भिंतीवरून येतो, जुनी सवय आहे.

बटण दाबलं. हात थांबत नाही. वायर उपटली. थांबत नाही—

दाराला आतून जवळचं रिकामं टेबल लावलं. आवाज न होता सरकलं.

ते आवारात आहेत. गातायत.

खड्डा दारापासून जवळ आहे. माझ्या टेबलापासून लांब. आता दारात आले तर ते जवळ, मी लांब. असं नको. पोरगी आहे त्यांना.

मीच जवळ जायला हवं. अगदी कडेला. आत.

दार हलतंय. मॅडम, मॅडम म्हणतायत.

खाली हाताच्या ट्रेवर कोणीतरी आहे. केस दिसतायत. ओले. मान वर केली नाही अजून. करू नका. मी आले—

कडेवर बसले आहे. सिमेंट ओलं आहे, पाय घसरेल. चपला काढून ठेवते. एक काढली. दुसरीचा बंद—