भांडण सोडवायला गेलेला माणूस

बाबा, आज अमरावतीत वर्गात एका मुलीने विचारलं, "मॅडम, दुसऱ्याच्या देशात फौज पाठवून कधी कोणाचं भलं झालं काय?" राज्यशास्त्र शिकवते मी, उत्तर तयारच होतं: हेतू स्पष्ट हवा, तिथल्या लोकांची साथ हवी, परतायचं कधी हे आधी ठरलेलं हवं. मुलींनी उतरवून घेतलं. मी मात्र तोवर हिवरखेडच्या आपल्या स्वयंपाकघरात पोचले होते. तुम्ही श्रीलंकेतल्या शांतिसेनेतून आलेले, पेन्शनवर. आई भाकरी थापता थापता तिथलं काहीबाही विचारते, आणि तुम्ही चुलीकडे बघत म्हणता, "उतरलो तवा लोकाईनं हार घातले. मंग त्याच बाया आमाले पाहून दारं लावू लागल्या. भाषा येत नोयती आमाले. भांडन सोडवाले गेलो, अन् भांडनातलेच होऊन बसलो."

कापसाची ती वाईट वर्षं. समोरच्या घरातले काका दिवसभर घुम्यासारखे बसत आणि दिवेलागणीला काकूंना मारत. सगळी गल्ली ऐकायची. मी नुकतीच कॉलेजात जाऊ लागलेली, जिभेला धार आलेली. मीच म्हणाले, "समुद्र ओलांडला बाबा तुमी, गल्ली ओलांडता येत नाई काय?" तुम्ही चप्पल घातलीत आणि समोरच्या घरात गेलात. काकांचा हात धरून त्यांना खाली बसवलंत आणि काकूंना विचारलंत, "तुले काय पायजे, बाई?" त्या म्हणाल्या, "मले तिवश्याले भावाकडे पोचवून द्या." सकाळच्या एसटीने तुम्ही त्यांना घेऊन गेलात. भावाने चहा पाजला, बहिणीला ठेवून घेतो म्हणाला. परत आल्यावर तुम्ही जेवता जेवता आईची थट्टा केलीत. लंकेहून आल्यापासून पहिल्यांदाच.

दिवाळीआधीच काकू परत आल्या. भावजयीला जड झाल्या होत्या. त्यानंतर काका मारताना ओरडायचे, "बोलाव तुया फौजीले!" तुम्ही पुन्हा गेलात, पण काकूंनीच आतून कडी लावली. "भाऊ, तुमी येऊ नोका. तुमी घरी जाता, मले इथंच राहा लागते." मी ओट्यावरून बघते आहे, तुम्ही त्या बंद दारासमोर नुसते उभे आहात. तिथून आलात ते थेट मागच्या अंगणात जाऊन बसलात. गल्लीतल्या कुठल्याच घरात तुम्ही परत पाऊल टाकलं नाहीत.

आता काकाही नाहीत. मागच्या खेपेला मी काकूंना विचारलं, "बाबा आले नसते तं बरं झालं असतं काय?" तांदूळ निवडता निवडता त्या म्हणाल्या, "मार वाढला माया, हे खरं हाय. पन तिवश्याचे ते दिवस बरे गेले, पोरी."

हे कुठल्या पत्त्यावर धाडू, बाबा? तिथे त्या बेटावर तुमच्या हातून कोणी मेलं का, हे मी तुम्हाला जिवंतपणी कधी विचारलं नाही. खरं सांगते, उत्तर येणार नाही म्हणूनच आज लिहायची हिंमत झाली.