तिसऱ्या दिवसाच्या बाटल्या

मंगळवार, दि. ९

प्रिय धाकटे,

अनेक आशीर्वाद. इकडे सगळे बरे. आईचा गुडघा तसाच, बाबांचा रेडिओही तसाच मोठ्याने. तू दौऱ्यावर गेल्यापासून तुझी लेक आमच्याकडे मजेत आहे. वर्तमानपत्रातला तुझा फोटो आईने कपाटाच्या दारावर चिकटवलाय. टॉवेल घ्यायला गेलं तरी आधी तुझं दर्शन.

मोठ्या पावसात गटारं तुंबून खाडीत उतरली, तरी तिसऱ्या दिवशी घाणीतले जंतू संपतात आणि खाडीचे मूळचे जंतू परत येतात, हे तू शोधलंस. वा! बाटल्या भरून आणणारीचा, म्हणजे माझा, उल्लेख बातमीच्या शेवटच्या ओळीत, 'प्रयोगशाळा मदतनीस' एवढाच.

खोटं कशाला बोलू, माझा जळफळाट झाला. तो लहानपणापासूनचा आहे. माझं शिक्षण बारावीला थांबलं, तुझं थांबेचना. तू आलीस की आई तुला गरम वाढते आणि मला म्हणते, "तू काय, घरचीच."

फोनवर तू "नंतर बोलू" म्हणतेस, म्हणून हे लिहून तुमच्या ऑफिसच्या ड्रायव्हरकडे देतेय.

तू बजावलं होतंस, पाणी पूर्ण ओहोटीलाच घ्यायचं. भरतीला समुद्राचं स्वच्छ पाणी आत शिरतं आणि सगळं फसवं दिसतं. त्या मोठ्या पावसानंतर दोन दिवस मी तसंच केलं. तिसऱ्या दिवशी सकाळी तू फोनवर कुणाला तरी म्हणालीस, "ताई काय, फक्त पाणी भरते." मी रुसून घरीच बसले. दुपारी गेले तेव्हा भरती पुरी चढली होती. बाटल्या भरल्या आणि वहीत वेळ लिहिली ओहोटीची.

तुझ्या काचेच्या बश्यांवर गटारातले जंतू जवळजवळ उगवलेच नाहीत. तू मला मिठी मारलीस. तेव्हाच सांगायला हवं होतं. पण वाटलं, एक दिवस भरल्या सभेत कुणीतरी हिला पकडेल आणि मी मागच्या खुर्चीवरून बघेन. उशीर झाला ती चूक होती. गप्प बसले ते मुद्दाम.

कुणी पकडलं नाही. उलट तुझ्या भरवशावर येत्या रविवारी खाडीत मुलांच्या पोहण्याच्या शर्यती ठेवल्यात. गुरुवारी मोठा पाऊस सांगितलाय, म्हणजे रविवार नेमका तिसरा दिवस. परवा तुझी लेक नवा पोशाख घालून माझ्यापुढे उभी राहिली. "मावशी, मी पहिली येणार बघ."

शुक्रवारी पाऊस झालाच होता. काल तिसऱ्या दिवशी मी पुऱ्या ओहोटीला गेले, पाणी घेतलं आणि तू शिकवलंस तसं प्रयोगशाळेत बश्यांवर पसरलं. आज सकाळी बश्या गटारातल्या जंतूंनी गच्च. खाडीचे मूळचे औषधालाही नाहीत. सोबत वहीचं पान आहे, खरी वेळ लिहून खाली माझी सही केलीय.

लेकीला मी पाण्यात उतरू देणार नाही. बाकीच्यांच्या मुलांचं तू आयोजकांना सांग. शुक्रवारपर्यंत सांगितलं नाहीस तर मी जाऊन सांगेन. नाव तुझं खराब होईल. ते झालं की मला आत कुठेतरी बरंही वाटेल, आणि मी तसलीच आहे हे तुला माहीत असावं.

एवढं वाचूनही म्हणावंसं वाटलं, तर तुझी

ताई