वीतभर उरलेलं

प्रिय धाकट्या,

फोनवर तू विषय बदलतोस, म्हणून लिहायला बसले. परवा तुझी लेक माझ्या चष्म्याच्या दुकानात आली होती. वर्गात मागून नीट दिसत नाही म्हणाली. तिला मागच्या अंधाऱ्या खोलीत नेलं, बाहुल्या मोठ्या करायचे थेंब घातले आणि यंत्रासमोर बसवलं. तिची बडबड चालूच होती, तुझ्या घोरण्याची नक्कल करत होती. मी वाकून तिच्या डोळ्यात पाहिलं. आत, डोळ्याच्या पडद्याच्या कडेला काळे गोल डाग होते, फिकट किनारीचे. मी बघायच्या आधीपासून आतून कुणीतरी माझ्याकडे बघत बसलंय, असं वाटलं.

असेच डाग माझ्याही डोळ्यात आहेत. नजरेला त्यांचा काही त्रास नसतो. पण आपल्यासारख्या घरात, जिथे आतड्यात गाठींचं पीक येतं, तिथे तो दोष घेऊन जन्मलेल्यांच्या डोळ्यात ते बऱ्याचदा सापडतात. मी तिच्या डोळ्याचा फोटो काढून माझ्या डोळ्याच्या फोटोशेजारी ठेवला. क्षणभर कुठला कुणाचा, मलाच कळेना.

अण्णा आठवतात तुला? पोट दाबत ताटावरून उठायचे आणि अपचन झालंय म्हणायचे. ते आतड्याच्या कॅन्सरने गेले, मग त्यांची बहीण, आपली आत्याही तशीच गेली. आपण दोघं सुटलो ते वेळेवर मोठं आतडं काढलं म्हणून. वॉर्डात तू म्हणालास, "आतडंच नाही तर कॅन्सर होणार कशाला?" हसताना माझे टाके दुखले होते. पण डॉक्टर हसले नव्हते. नैसर्गिकपणे शौचाला जाता यावं म्हणून त्यांनी शेवटचा वीतभर भाग ठेवला होता. तो त्याच मांसाचा, त्याच खोडीचा, तेव्हा दरवर्षी दुर्बिणीने बघावंच लागेल, असं त्यांनी दोघांना समोर बसवून सांगितलं. तू एकदोनदा गेलास, मग "मी ठणठणीत आहे" म्हणून थांबलास.

मी यंदाही गेले. दुर्बिणीच्या पडद्यावर तो गुलाबी बोळ दिसत होता, गेल्या वर्षी साफ केलेला. वळणापाशी त्या गाठी बसल्या होत्या, बारीक, ओल्या, एकमेकींना चिकटून. डॉक्टरांनी गप्पा सोडून दुर्बीण तिथेच धरली. एक गाठ जरा मोठी होती. तिच्यात कॅन्सर निघाला, अगदी सुरुवातीचा. मला काहीच जाणवलं नव्हतं रे. दुखलं नाही, रक्त गेलं नाही. मी जेवत होते, झोपत होते, गिऱ्हाइकांना फ्रेम्स दाखवत होते, आणि माझ्याच आत ती शांतपणे वाढत होती. मला भीती वाटते ती त्या शांततेची. आता पुढच्या आठवड्यात उरलेला भागही काढतील. वेळेत सापडलं, म्हणतात. त्यानंतरही लहान आतड्यावर नजर ठेवावीच लागेल.

थेंबांमुळे तुझ्या लेकीच्या बाहुल्या काळ्याभोर झाल्या होत्या. तशीच माझ्याकडे बघत तिनं विचारलं, "आत्या, काय दिसलं?" मला खोटं बोलता आलं नाही. नुसत्या डागांवरून काही ठरत नाही, रक्ताच्या तपासणीतून नक्की कळेल आणि वेळेत कळलं तर सांभाळता येतं, असं सांगितलं.  ती म्हणाली, "बाबांनी शेवटचं कधी दाखवलं?" मी यंत्र पुसत राहिले. ती समजली. रक्त द्यायला ती तयार आहे, पण म्हणते, "आधी बाबा." तुला स्वतः सांगायला ती घाबरते, म्हणून हे पत्र. तुझ्या दुर्बिणीच्या आणि तिच्या रक्ताच्या तपासणीची वेळ मी गुरुवारी सकाळची घेतली आहे. कॉलेज बुडवून, बूट घालून ती दाराशी तुझी वाट बघत बसलेली असेल. तिला एकटीला पाठवू नकोस.

तुझीच,
ताई