बसून घेतलेलं माप

१९ नोव्हेंबर

चि. धाकटीस,

आशीर्वाद आहेतच. ते दर पत्रात लिहायची गरज नसते, पण नाही लिहिले तर तू मनाला लावून घेतेस, म्हणून लिहिते. माझी तब्येत बरी आहे. गुडघा कुरकुरतो, पण शिलाई मशीन चालवायला अजून नाही म्हणत नाही. वरच्या मजल्यावरच्यांनी पुन्हा नळ उघडा टाकला आणि माझं न्हाणीघर गळलं. वर जाऊन मी काय बोलले असेन, त्याचा अंदाज तुला आहेच. फोनवर आपलं बोलणं भांडणात जातं, म्हणून हे कागदावर.

तुझ्या लेकीचे सगळे कपडे शिवून झाले. दोन पँट, तीन शर्ट, एक बिनबाह्यांचं जाकीट, एक आखूड कोट. काळपट निळा, राखाडी आणि विटकरी, एवढेच रंग. कुठलंही वरचं कुठल्याही खालच्यावर चालतं. कल्पना चिंगीचीच. म्हणाली, "मावशी, सकाळी कपडे चढवणं हेच माझं अर्ध्या दिवसाचं काम. त्यात आणखी डोकं कोण चालवणार? डोळे मिटून ओढलं तरी जुळलं पाहिजे."

शर्ट आणि कोट सहज झाले. पँटने दम काढला. तिला पायाला लागून बसणारी, खाली अरुंद होत जाणारी हवी होती. तुझं म्हणणं, ढगळ शिव, पाय बारीक झालेत ते दिसायला नकोत. मी तिलाच विचारलं. "ढगळ कापड खुर्चीच्या चाकात अडकतं," ती म्हणाली, "आणि बारीक झालेत तर झालेत. माझेच आहेत ना?" विषय संपला.

मग तुझा मापांचा कागद. अपघाताआधीच्या पँटवरून घेतलेली मापं, आणि खाली दोन रेघा मारून, 'उभ्याच्या मापानेच शिवणे'. मला असले हुकूम आवडत नाहीत, तरी तुझा शब्द मोडला नाही. जुनी चादर घेऊन तुझ्या कागदाबरहुकूम एक पँट बेतली, कच्चे टाके घातले आणि तिला चढवली. खुर्चीत बसल्यावर पोटाशी कापडाचा डोंगर, मागे कंबर उघडी, आणि पँटचे पाय घोट्याच्या वीतभर वर. चिंगीने आरशात पाहिलं आणि म्हणाली, "मावशी, ही आईच्या मुलीची आहे. तिला बोलव, तिला नीट बसेल."

आम्ही दोघी हसलो. हसून झाल्यावर एकमेकींकडे बघवेना.

कागद बाजूला ठेवला आणि तिची मापं खुर्चीत बसल्या जागीच घेतली. बसून राहणाऱ्या माणसाची पँट वेगळी बेतावी लागते. मागची बाजू चांगली उंच, पुढची उतरवलेली, लांबी गुडघा वाकवून मोजायची. मागे खिसे नाहीत, जाड शिवण नाही, कारण टोचलेलं तिला कळत नाही आणि न कळता जखम होते. हे मी तुला सांगायला नको. पण तुझ्या कागदावर मागे दोन खिसे होते, तेही बटणांचे.

टोचण्यावरून आठवलं. पोटरीशी टाचण्या लावून कापड पायाबरोबर घेत होते. ती मला वरच्या मजल्यावरच्या बाईची नक्कल करून दाखवत होती. बघते तो कापडावर लाल ठिपका. टाचणी कापडातून तिच्या पायात गेली होती. तिची नक्कल चालूच. माझा चेहरा बघून तिने खाली पाहिलं. "अगं, आधी कापड धू. डाग बसेल." गार पाणी आणायला स्वयंपाकघरात गेले आणि जरा वेळ तिथेच उभी राहिले. त्यानंतर टाचणीला हात लावला नाही. खडूने खूण करायची, उतरवायचं, दोऱ्याने टाचायचं, पुन्हा चढवायचं. वेळ लागला. लागू दे.

तिच्यासाठी इतके डॉक्टर केलेस, याबद्दल मी तुला कधी बोलले नाही. करायलाच हवे होते. पण ती पुन्हा उभी राहणार नाही, हे खरं ज्यांनी ज्यांनी सांगितलं, ते सगळे तुझ्या लेखी मूर्ख ठरले. आणि तुझ्या पुतण्याच्या लग्नात तू काय केलंस? अख्ख्या गोतावळ्याला खुर्च्यांवर बसवून फोटो काढलास, म्हणजे कोण उभं राहू शकत नाही ते दिसायला नको. लोक म्हणाले, वा, काहीतरी वेगळं! चिंगी माझ्या कानाशी लागून म्हणाली, "माझ्यापायी सगळं खानदान बसवलं बघ आईने." तुला वाटतं, तिला कळत नाही.

मागच्या फोनवर तू म्हणालीस, "तुला मूल नाही, तुला काय कळणार?" हे तुझं ठेवणीतलं वाक्य. आता फार वापरून झालं.

ज्यासाठी पत्र लिहायला घेतलं ते आता लिहिते. शनिवारी तू गाडी घेऊन येणार, तिला त्या लांबच्या नव्या डॉक्टरकडे न्यायला. चिंगी येणार नाही. तिला नोकरी लागली आहे. नकाशे आखणाऱ्यांची कचेरी, माझ्या मागच्याच गल्लीत, तळमजल्यावर. सोमवारी रुजू व्हायचंय. कपडे त्यासाठी आहेत, तुझ्या डॉक्टरकडे जाण्यासाठी नव्हेत. राहील माझ्याकडे.

तिने तुला सांगितलं होतं. तू म्हणालीस, "आधी पायांवर उभी राहा, मग नोकरीचं बघू." आणि ही नोकरी धरलीस तर आई मेली असं समज, हेही म्हणालीस. मी शेजारी काजं करत बसले होते. सगळं ऐकलं. फोन ठेवून ती म्हणाली, "कोटाला बटणं विटकरी लाव." एवढंच. त्या दिवशी जेवली नाही.

तुझा जीव नाही तिच्यावर, असं मी म्हणत नाही. पण ज्या मुलीवर आहे ती आता नाही, आणि जी आहे तिला रोज त्या मुलीची माफी मागत जगावं लागतं. माझ्या घरात तिला ते करावं लागणार नाही.

काल तिने सगळं घालून पाहिलं. पाय बारीक दिसतात. सुरेखही दिसतात. खुर्ची पुढे-मागे करत ती आरशासमोर रेंगाळली आणि विचारलं, "आई येईल का गं सोमवारी?" मी म्हटलं, मला माहीत नाही. खोटा धीर देणं मला जमत नाही, हे तुम्ही सगळ्यांनी मला जन्मभर ऐकवलं आहे.

तेव्हा शनिवारी गाडी आणू नकोस. आणलीस तर रिकामी परत जाईल, आणि दार मी उघडेन, ती नाही. सोमवारी सकाळी ये. कचेरीच्या दारापर्यंत तिच्या शेजारून चाल. खुर्ची ढकलू नकोस, तिला आवडत नाही. डॉक्टरांचं नाव काढू नकोस. एवढं जमणार नसेल तर घरीच राहा. आई आली नाही, असं मी तिला सांगेन. तुझ्या वतीने कारण जोडून देणार नाही.

तिची मावशी,
आणि त्यानंतर तुझी
ताई