उजवी बाजू कधी बोललीच नाही

तीर्थरूप म्हणावं इतक्या तुम्ही मोठ्या नाही आणि नुसतं प्रिय म्हणावं इतकी माझी हिंमत नाही, अशा माझ्या वन्संना वहिनीचा वाकून नमस्कार (वाकणं आता पुन्हा जमतं, त्याबद्दल पुढे लिहिते).

तुमची पाठ कशी आहे? तुमच्या पार्लरमधली नवी मुलगी अजून गिऱ्हाइकांच्या अर्ध्या भुवया उडवते का? इकडे सगळे बरे. तुमचे बंधुराज वजन उतरवायला रोज सकाळी चालायला जातात आणि बेकरीच्या रस्त्याने परत येतात. तुमच्या आई खाऊनपिऊन ठणठणीत आहेत, फक्त मी कोण हे त्यांना दिवसाआड आठवतं.

तर वन्सं, आपण दोघींनी जोडीने छातीत सिलिकॉन जेलच्या पिशव्या बसवून घेतल्या (“एकटीला भीती वाटते, वहिनी, तुम्हीही चला,” असं तुम्ही म्हणालात, जशा काही चपला घ्यायला निघालो होतो), ते मला आवडलं नाही असं मी मुळीच म्हणणार नाही. मुलांना पाजण्यात जे ओसरलं होतं ते परत आलं. पोहायला शिकवणारी बाई मी. शिट्टी गळ्यात घालून तलावाच्या काठावर उभी राहिले की बायकांची अख्खी बॅच हातपाय मारायचं विसरायची. एकच गोष्ट विचित्र होती. पाण्यातून बाहेर आल्यावर बाकीची मी ऊबदार व्हायचे, त्या दोघी मात्र कितीतरी वेळ गारच. टॉवेल गुंडाळा, गरम चहा घ्या, उन्हात बसा, काही उपयोग नाही. वर हात लावला तर हाताला गार लागायचं, पण हात लागल्याचं छातीला कळायचंच नाही. आपण चुकून दुसऱ्याच बाईला हात लावला असं वाटून मी दचकून मागे बघायचे. एका दुपारी मी शेजारी आडवी झाले तेव्हा बंधुराजांनी पेपर खाली केला आणि अगदी हळू आवाजात विचारलं, “तू एकटीच आली आहेस ना?” पेपर परत वर गेला, पण त्यानंतर पान काही उलटलं नाही.

मग डावीने डोकं वर काढलं (शब्दशः). आकसत, आवळत ती क्रिकेटच्या चेंडूसारखी टणक झाली आणि गळ्याच्या दिशेने सरकली. स्विमसूट वाकडा बसायला लागला, कुशीवर वळणं अवघड झालं, चपलेचा बंद लावायला वाकले तर जीव कळवळायचा. कौतुकाने मिठी मारायला आलेली बाई ठेच लागल्यासारखी मागे व्हायची. उजवी मात्र इतकी गुणी! मऊ, सुबक, तोंडातून ब्र नाही. मी रोज आरशासमोर डावीला शिव्या घालायचे आणि उजवीचा आदर्श तिच्यापुढे ठेवायचे.

याच सुमारास एकदा मी तुमच्या आईंची वेणी घालत होते. त्या अचानक वळल्या आणि माझ्या छातीच्या डाव्या बाजूला त्यांनी कान लावला. मला वाटलं, माया आली. बराच वेळ ऐकून म्हणाल्या, “हिने आतून कडी लावून घेतलीय.” मला हसू फुटलं. मग त्यांनी उजवीकडे कान लावला आणि त्यांचा चेहराच उतरला. माझ्या गालावरून हात फिरवत, सांत्वनाला आल्यासारख्या म्हणाल्या, “इथली गेली गं घर सोडून. तुला सांगून नाही का गेली?” वन्सं, भर दुपारी, पंखा बंद असताना माझ्या अंगावर काटा आला. अंगावर म्हणजे छाती सोडून, तिथे तो येत नव्हता.

दुसऱ्याच दिवशी सोनोग्राफीला गेले. तिथल्या डॉक्टरीणबाई मोठ्या बोलक्या. डावीवरून यंत्र फिरवत म्हणाल्या, “शरीराने पिशवीभोवती विणलेलं आवरण आवळलंय, म्हणून दुखतं. पिशवी शाबूत आहे.” मग त्या उजवीकडे आल्या आणि बोलायच्या थांबल्या. पडद्यावर नुसतं धुकं. मी विनोद केला, त्या हसल्या नाहीत. “ही फुटलीय. बरेच दिवस झाले असावेत.” मी म्हटलं, “अहो, तिची कधी तक्रारच नव्हती!” त्यावर त्या म्हणाल्या, “पुष्कळदा नसतेच.”

दोन्ही काढून टाकल्या. शुद्धीवर आल्यावर मी हट्टाने बघायला मागितल्या. उजवीचं फाटकं कातडं आणि मधासारखं तार धरणारं जेल एका वाडग्यात होतं. डावी अखंड होती. बोटाने दाबली तर खड्डा पडला आणि मी बघत असताना तो सावकाश भरून आला, झोपेतून उठल्यासारखा. मी हात झटकन मागे घेतला.

आता माझी छाती रिकाम्या अभ्र्यासारखी आहे. पहिले काही दिवस मी आरशावर पंचा टाकला होता आणि बंधुराज पंच्यात बघून दाढी करत होते. पण परवा तलावात उतरले आणि पाणी छातीला गार लागलं. मला, माझ्या छातीला! मी अशी किंकाळी फोडली की सगळ्या शिकाऊ बायका मला वाचवायला आल्या आणि मग मला त्यांना वाचवावं लागलं. तुमच्या आई मात्र हल्ली चहाचे दोन कप जास्त मांडतात. कोणासाठी, हे विचारायचं धाडस घरात कोणालाच नाही.

तुमची,
वहिनी

ता. क. परवा फोनवर तुम्ही हसत हसत म्हणालात, “मला बाई कसला त्रास नाही, काखेत वाटाण्याएवढी गाठ लागते तेवढीच.” मीही हसले. फोन ठेवल्यावर डॉक्टरीणबाईंना विचारलं. फुटलेल्या पिशवीतलं जेल कधी कधी काखेतल्या गाठींत जाऊन बसतं, म्हणाल्या. दुसरंही काही असू शकतं, बघितल्याशिवाय सांगता येत नाही. वरचं सगळं मी एवढ्याचसाठी लिहिलं. तपासून घ्या.

आणखी ता. क. तुम्ही “बघू हं, वहिनी” म्हणणार हे मला ठाऊक आहे. पाकिटावर तिकीट नाही हे एव्हाना तुमच्या लक्षात आलं असेल. पत्र मीच दाराच्या फटीतून आत सरकवलंय. डॉक्टरीणबाईंकडे तुमची वेळ घेतलीय, बंधुराज खाली गाडीत बसलेत, आणि मी बाहेर उभी आहे. दार उघडा.