पोतेवाल्याचा सर्वात चांगला भाग

दुसरा? दादा, दुसरा भाग? फोन आपटायच्या आधी जरा तरी लाज वाटू द्यायचीस. आठ भागांतला तोच सापडला तुला, ज्यात पोतेवाला (डोक्यावर पोतं घालून माणसं कापणारा आपला लाडका खुनी, वहिनी वाचत असेल तर तिच्यासाठी सांगितलं) अर्धा सिनेमा नुसता बोटीत बसून असतो?

असो. पत्राची रीत आधी पाळायला हवी होती. तुला नमस्कार, वहिनीला नमस्कार, तुझा गुडघा कसा आहे? इकडे सगळं ठीक असं लिहायचं असतं, पण इकडे काहीच ठीक नाही. बाबा बाहेरच्या खोलीत आहेत, कॉटशेजारी ऑक्सिजनचं मशीन घरघरतंय आणि आई सोडून कुणी मोठ्याने बोलत नाही.

बाबांना पोतेवाला बघायचाय म्हटल्यावर डॉक्टर म्हणाले, ‘एखादा बघू दे, आता काय.’ (हे ‘आता काय’ मी बाबांपर्यंत पोचू दिलं नाही.) एकच म्हणजे सर्वात चांगलाच हवा, म्हणून तुला विचारलं. तू दुसरा म्हणालास, मी चौथा म्हणाले, तू माझी अक्कल काढलीस, ‘सुट्टीत येतो तेव्हा बघू’ म्हणालास आणि फोन आपटलास.

तर काल दुपारी मी चौथाच लावला. पहिला मुडदा पडला तशी आई स्वयंपाकघरातून ओरडली, ‘इथे घरात माणूस मरायला टेकलाय, आणि बापलेकीला खून कमी पडतायत!’ बाबा म्हणाले, ‘अगं, त्यांचं बघून बरं वाटतं. माझं निदान अंथरुणात चाललंय.’ आणि स्वतःच्याच विनोदावर इतके हसले की नाकातली नळी निघाली. मी ती परत बसवेपर्यंत पडद्यावर आणखी दोघं गेले होते आणि बाबांचे ओठ पडद्यावरच्या प्रेतांपेक्षा निळे दिसत होते.

मग ती आखूड केसांची मुलगी कोठारात लपली आणि मी उठून टीव्ही बंद केला. सवयीने! आठवतंय ना? बाबा नेहमी शेवटाच्या जरा आधी टीव्ही बंद करायचे. ‘पुढे सगळे वाचतात, चला, झोपा.’ आणि आपण झोपायचो. दादा, आपण एकाही भागाचा शेवट बघितलेला नाही! त्यावर आयुष्यभर भांडलो. मी तर कॉलेजात या मालिकेवर निबंध लिहून बक्षीस आणलं (‘आशावाद’ हा शब्द त्यात पानोपानी होता).

बाबा म्हणाले, ‘लाव परत. मोठी झालीस आता.’

लावला. कुणी वाचत नाही. मुलगी नाही, पोलीस नाही, कुत्रासुद्धा नाही. मग बाकी भागांचे नुसते शेवट लावले (डॉक्टरांनी सिनेमा एक म्हटलं होतं, शेवटांचं काही बोलले नव्हते). आठही भागांत सगळे मरतात. तुझी ती बोट बुडते. मी म्हटलं, ‘बाबा, तुम्ही चक्क खोटं सांगायचात?’ तर म्हणतात, ‘तुम्ही झोपायचात ना? मग झालं तर. दादाला मात्र सांगू नको, तो अजून दिवा लावून झोपत असेल.’

म्हणून आता माझा क्रम बदललाय. सहावा सर्वात वर, कारण त्यात शेवटच्या क्षणी माणसाचा हात धरायला कुणीतरी असतं. माझा चौथा सर्वात खाली. मुलगी एकटीच जाते. तुझा दुसरा त्यातल्या त्यात बरा, त्यात निदान भावंडं एकत्र बुडतात. मधल्यांचं काय ते तू ठरव.

यंत्राकडे बघत बाबांनी विचारलं, ‘डॉक्टर माझं काय म्हणाले गं?’ मला घरचंच उत्तर पाठ होतं. म्हटलं, ‘पुढे सगळं नीट होतंय म्हणाले.’ ते खूश झाले. म्हणाले, ‘मग दादाला घाई करायला नको.’

तुझी,
धाकटी

ता. क. आज बाबा तुला फोन करून ‘सगळं ठीक, सावकाश ये’ म्हणतील. अजिबात ऐकू नकोस. ते खोटं मी त्यांना पुरवलंय. त्यांच्यासमोर फोनवर हे बोलता येत नाही, म्हणून मेल.

ता. क. २. दुसरा तर दुसरा. वाद घालत नाही. तू ये आणि तूच लाव. सुट्टीची वाट बघू नकोस.

ता. क. ३. उलट फोन करू नकोस, फोन घरी ठेवून नवी नळी आणायला चाललेय. आई दारात उभी आहे. निघाले. तूही नीघ.